भांगाच्या दिवशी आलेलं पाणी

गिरीज गावच्या वाड्या संपल्या की पूर्वेला जमीन हळूहळू उतरत जाते. केळीच्या बागा मागे राहतात, नारळ विरळ होतात, आणि खाडीच्या एका फाट्याच्या कडेने मातीचा लांबलचक बांध लागतो. बांधापलीकडे खारं पाणी, अलीकडे भाताची खाचरं आणि मिठागर. हा बांध आणि त्यातली उघाडी राखायचं काम पास्कलच्या घराकडे होतं. उघाडी म्हणजे बांधातली जाड लाकडी झडप. ओहोटीला ती उघडून आतलं पाणी बाहेर सोडायचं आणि भरती लागायच्या आत घट्ट बसवायची. आधी हे काम पास्कलचा आजा करायचा, मग बाप, आणि तेहतीस सालापासून पास्कल.

पास्कल उंच, सडपातळ, बोलायला कमी. पण भरती-ओहोटीचा विषय निघाला की त्याच्यापुढे कुणी तोंड उघडत नसे. तिथीची पाऊणपट करून, त्यात खाडीचा म्हणून अर्धा तास मिळवून तो भरतीची वेळ सांगायचा आणि ती पाच-दहा मिनिटांच्या वर चुकायची नाही. अमावास्या-पुनवेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग. भांगाच्या दिवसांत समुद्राला जोर नसतो, पाणी येतं तसं गुमान परत जातं. उघाडीजवळच्या दगडी खांबावर त्याच्या बापाने छिन्नीने दोन रेघा मारून ठेवल्या होत्या, खालची भांगाची आणि वरची उधाणाची. मासळीला जाणारे, मिठागरवाले, खाडीपार लग्नाचं वऱ्हाड नेणारेही आधी पास्कलला विचारायचे. त्याला ते आवडायचं. तसं तो कधी बोलला नाही, पण त्याची बायको कॅथरिन ओळखून होती. कुणी विचारायला आलं की हा उत्तर द्यायच्या आधी उगाच आभाळाकडे बघतो, हे तिने कितीदा पाहिलं होतं.

बांधाच्या अगदी पायथ्याशी अठरा झोपड्यांचा एक पाडा होता. त्याला उघाडीपाडा म्हणत. मिठागरावर राबणारी माणसं ती. वर वाड्यांमध्ये त्यांना कोण जागा देणार? छत्तीस सालात पास्कलनेच त्यांना ती जागा दाखवली होती. काम जवळ, गोड्या पाण्याची विहीर जवळ. "बांध आहे आणि मी आहे, तोवर घाबरायचं कारण नाही," असं तो तेव्हा म्हणाला होता. कुडाच्या भिंती आणि पेंढ्याचं छप्पर घालून लोक राहिले. बारा पावसाळे गेले. एकदाही उंबऱ्याच्या आत पाणी आलं नाही.

अठ्ठेचाळीस सालच्या नोव्हेंबरातला तो रविवार. चर्चमधली मिस्सा संपवून लोक घरी आले तेव्हाच हवा काहीतरी वेगळी होती. थंडी पडायला हवी त्या दिवसांत अंगाला घाम चिकटत होता आणि पूर्वेकडून वारा धक्के देत होता. जेवणं झाल्यावर पाड्यावरची दहा-बारा माणसं पास्कलच्या अंगणात येऊन उभी राहिली. पुढे जयराम होता, मिठागरावरचा मुकादम, तिशीतला. त्यांच्याबरोबर शेजारच्या निर्मळ गावचे विद्याधर मास्तरही सायकल हातात धरून आले होते. मास्तर पोरसवदा, नुकतेच शाळेत लागलेले. त्यांच्या काकांकडे रेडिओ होता.

"पास्कलबाबा," जयराम म्हणाला, "मास्तर सांगतात वादळ येतंय. पाडा उठवू का? कमळीने तर गाठोडं बांधून ठेवलंय."

कमळी म्हणजे जयरामची बायको. ती मागे उभी होती. गाठोडं खरंच तिच्या काखेत होतं.

"रेडिओवर सकाळी सांगितलं," मास्तर म्हणाले. "समुद्रात मोठं वादळ आहे आणि ते मुंबईच्या बाजूला सरकतंय. आज नाहीतर उद्या पोचेल. मला वाटतं, खालच्या लोकांनी देवळात नाहीतर चर्चच्या आवारात जावं."

पास्कलने आभाळाकडे पाहिलं. मास्तरांनी आधी आपल्याला विचारायला हवं होतं, हे त्याच्या मनात येऊन गेलं.

"आज तिथी कोणती, मास्तर?"

"षष्ठी असेल. वद्य षष्ठी."

"म्हणजे भांग धरत आला. पाचला भरती, तीही मेलेली. पुन्हा पहाटे साडेपाचला. वारा येईल, पाऊस येईल, एखाद्याचं छप्पर जाईल. पण भांगाचं पाणी बांधावर चढत नसतं. माझ्या आज्यापासून चढलेलं नाही."

"पण वादळात समुद्र..."

"तुमच्या रेडिओला भांग कळतो का, मास्तर?"

लोक हसले. मास्तरांचे कान लाल झाले. त्यांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, मग सायकल वळवली आणि निघून गेले. जयरामच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. मिठागराचा हंगाम तोंडावर होता. मीठ पिकवायला तयार केलेले वाफे सोडून उगाच वर जायची त्यालाही हौस नव्हती. कमळी मात्र जागची हलली नाही.

"खरंच नाय येनार पानी?" तिने विचारलं.

"नाही येणार," पास्कल म्हणाला.

ती गाठोडं घेऊन परत खाली गेली.

पाचची भरती होऊन गेल्यावर पास्कल नेहमीप्रमाणे उघाडीवर गेला. सूर्य दिसत नव्हता, आभाळ शिशासारखं झालं होतं. भरतीला तास उलटला होता, म्हणजे पाणी एव्हाना वीतभर तरी उतरायला हवं होतं. त्याने खांबाकडे पाहिलं आणि त्याला खालची रेघ दिसेना. आधी वाटलं, लाटांमुळे दिसत नसेल. तो वाकून थांबला. पाणी वरच्या रेघेलाही चाटत होतं. भांगाच्या दिवशी, ओहोटीच्या वेळी, पाणी उधाणाच्या रेघेवर उभं होतं आणि खाली जायच्या ऐवजी अजून चढत होतं.

असं त्याने कधी पाहिलं नव्हतं, पण याचा अर्थ त्याला सांगावा लागला नाही. आत्ता एवढं, तर पहाटेच्या भरतीला किती? तो बांधावरून उठला आणि चालता चालता पळायलाच लागला.

त्याचं स्वतःचं घर उताराच्या मध्यावर होतं. त्याने कॅथरिनला सांगितलं, "म्हशी सोड. मायकलकडे जाऊ या." मायकल त्याचा थोरला भाऊ. वर गिरीजमध्ये त्याचं दगडी घर होतं. कॅथरिनने काही विचारलं नाही. घरातला क्रूस, दोन धडुती आणि तांदळाची पिशवी घेऊन ती निघाली. दोघं दोन म्हशींना हाकत वाटेला लागले.

पुढे वाट फुटते. उजवीकडे वर गिरीज, डावीकडे खाली पाडा. खाली जायला दहा मिनिटं, फार तर बारा. पाड्यावर दिवे लागत होते, ते तिथून दिसत होते. पास्कल थांबला.

जाऊन फक्त एवढंच सांगायचं होतं की माझं चुकलं, उठा. पण दुपारी दहा-बारा माणसांसमोर केलेली ती थट्टा अजून त्याच्या कानात होती. मास्तर बरोबर ठरणार होते. लोक म्हणणार होते, दुपारी काय बोलत होतास आणि आता म्हशी घेऊन कुठे निघालास? शिवाय पाणी कदाचित उतरेलही. मग उद्या सगळा पाडा हसेल. त्यांनाही डोळे आहेत, वारा वाढला की येतीलच वर. असं सगळं त्या एका मिनिटात त्याच्या मनात येऊन गेलं. म्हैस पुढे चालायला लागली आणि तो तिच्यामागे चालायला लागला.

थोडं वर गेल्यावर कॅथरिनने विचारलं, "पाड्यावर सांगितलं ना?"

"हो," पास्कल म्हणाला.

वादळ आलं आणि सगळी रात्र घोंघावत राहिलं. मायकलच्या घराची अर्धी कौलं उडाली. वाडीतल्या केळी झोपल्या, चौदा नारळ मोडले, गोठ्याची भिंत पडली. सकाळी गिरीजमध्ये घरोघर नुकसान झालेलं होतं. पण माणसं सगळी होती. वाऱ्याने तिथे कुणाचा जीव घेतला नाही.

खाली पाड्यावर तोच वारा होता. त्याहून जास्त नव्हता. पण फटफटायला लागलं तेव्हा बांध उघाडीजवळ फुटला, आणि माणसं दार उघडून बाहेर येईपर्यंत पाणी छातीएवढं झालं होतं. कुडाच्या भिंती विरघळून गेल्या. पळून जायला उंचवटा नव्हता. उंच होता तो बांधच, आणि तोच वाहून गेला होता. अकरा माणसं गेली. जयरामने आईला पाठीवर घेतलं आणि विहिरीच्या रहाटाचा खांब धरून ठेवला. कमळीचा हात त्याच्या हातात होता. तो कधी सुटला, हे त्याला कळलं नाही. दुपारी ती मिठागराच्या पलीकडच्या काठावर सापडली.

पास्कल तिथे पोचला तेव्हा जयराम चिखलात बसला होता. पास्कलला पाहून तो उठला. त्याच्या अंगावर धावून जाईल, निदान शिवी देईल, असं पास्कलला वाटलं. त्याने दिली असती तर बरं झालं असतं.

"तुमची काय चूक, बाबा," जयराम म्हणाला. "भांगच होता. तुमी खरा तेच सांगितला. दर्याच उलटला, त्याला कोन काय करील? कमळीने तुमी बोललाव म्हनून गाठोडं सोडलं, तेवढंच मनात येतं."

पास्कल खाली वाकून कुडाच्या काठ्या बाजूला करायला लागला.

तिसऱ्या दिवशी कॅथरिन पाड्यावरच्या बायकांसाठी पेज घेऊन गेली होती. ती परत आली आणि भांडी घासायला बसली. बराच वेळ ती एकच टोप घासत होती.

"त्यांना कुणी सांगायला आलं नव्हतं," ती म्हणाली.

पास्कल म्हशीच्या दाव्याची गाठ सोडवत राहिला.

"तुम्ही हो म्हणालात."

तिने पुन्हा कधी विषय काढला नाही. पण त्या दिवसापासून त्याच्या "हो"ला घरात वजन राहिलं नाही. दार लावलं का, म्हशीला पाणी दाखवलं का, एवढं विचारूनही ती स्वतः उठून बघून यायची.

मग तालुक्याहून एक कारकून चौकशीला आला. झाडाखाली खुर्ची टाकून त्याने एकेकाला बोलावलं. बांधाचा राखणदार म्हणून पास्कलचाही जबाब झाला. कारकुनाने लिहिलं ते वाचून दाखवलं, "आपत्ती अकस्मात ओढवली. पूर्वसूचना मिळाली नव्हती." आणि दौत पुढे सरकवली. मागे विद्याधर मास्तर उभे होते. पास्कलने त्यांच्याकडे न बघता सही केली.

सही करून तो उठला, तर मास्तर वाटेत येऊन थांबले.

"मी त्या दुपारी परत यायला हवं होतं," मास्तर म्हणाले. "तुम्ही हसलात म्हणून मी रागावून गेलो. घरी जाऊन झोपलो. मीही तितकाच..."

"नाही, मास्तर," पास्कल म्हणाला. "तुम्ही तितके नाही."

त्याने मास्तरांना विचारलं, भांग असताना पाणी चढलं कसं? मास्तरांनी त्यांना जेवढं ठाऊक होतं तेवढं सांगितलं. मोठं वादळ समुद्रावरून येतं तेव्हा पाण्याला पुढे ढकलत आणतं, समुद्रच फुगतो. त्याला तिथी लागत नाही. उथळ खाडीत ते पाणी कोंडतं आणि मिळेल तिथून आत घुसतं. वाऱ्याने कौलं जातात, पण माणसं जास्त मरतात ती पाण्याने. "आणि पाण्याने कोण मरणार, हे वादळ यायच्या कितीतरी आधी ठरलेलं असतं, पास्कलबाबा. कोण कुठे राहतं, त्यावर."

बारा वर्षांपूर्वी ती जागा कुणी दाखवली, हे मास्तरांना माहीत नव्हतं.

पास्कल दर महिन्याला चर्चमध्ये फादरपुढे पापांच्या कबुलीला बसायचा. डिसेंबर लागताच बसला, नाताळच्या आदल्या दिवशीही बसला. राग, आळस, मनात आलेले वाईट विचार, सगळं सांगितलं. ती वाटेवरची संध्याकाळ तेवढी त्याने दोन्ही वेळा सांगितली नाही.

जानेवारीत बांध पुन्हा बांधून झाला. उरलेली माणसं वर चर्चच्या आवारात आणि कुणाकुणाच्या पडवीत दिवस काढत होती. एक दिवस सकाळी जयराम पास्कलकडे आला. त्याच्या हातात पहार होती.

"बाबा, पाड्यावर खांब रोवायला घेतो आता. लोकांच्या पडव्यांत किती दिवस ऱ्हानार? तुमी चला आनि जागा दाखवा, पानी कुठवर यील ते सांगा. काही जन घाबरतात. मी बोललो, पास्कलबाबा हायेत ना. ते सांगतील तवा उठू."

बाहेर पाड्यावरची सात-आठ माणसं उभी होती. आत चुलीपाशी कॅथरिन होती. ती वळली नाही, पण तिचे हात थांबले.

"जयराम, बस," पास्कल म्हणाला.

"बसायला कुठे येळ, बाबा."

"बस. सगळ्यांनी ऐका." बाहेरच्यांनाही त्याने हाताने जवळ बोलावलं. "मला कळलं होतं. त्या संध्याकाळी उघाडीवर गेलो तेव्हा पाणी वरच्या रेघेला लागलं होतं आणि अजून चढत होतं. बांध राहणार नाही, हे मला कळलं. मी घरी आलो, म्हशी सोडल्या आणि वर गेलो. वाटेवरून तुमचे दिवे दिसत होते. मी आलो नाही."



"का नाय आलाव?" मागून एका म्हातारीने विचारलं.

"लाज वाटली. दुपारी तसं बोललो होतो म्हणून."

जयराम पास्कलकडे बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. एखादी गोष्ट नीट ऐकू आली नाही, असा तो चेहरा होता.

"किती वाजले व्हते तवा?"

"दिवे लागत होते. साडेसहा."

"बांध फुटला फटफटायला," जयराम सावकाश म्हणाला. "म्हंजे अख्खी रात होती."

त्याने पहार उचलली आणि तो गेला. बाकीची माणसंही एकेक करून गेली. पास्कल ओट्यावर बसून राहिला. बऱ्याच वेळाने कॅथरिनने त्याच्यापुढे चहा आणून ठेवला. वादळानंतर तिने स्वतः आणून ठेवलेला तो पहिला चहा. तो तसाच गार झाला.

वर गिरीजमध्ये बापाच्या वाडीतला एक तुकडा पास्कलच्या वाट्याचा होता. केळी वाऱ्याने झोपलेल्याच होत्या, त्याने उरलेल्याही काढल्या आणि पाड्यावरच्यांना निरोप पाठवला की घरं इथे बांधा. मायकल संतापला. बापाची वाडी अशी कुणालाही द्यायची का, म्हणून त्याने दोन वर्षं बोलणं टाकलं. पाड्यावरच्यांनीही लगेच होकार दिला नाही. पण पडव्यांमध्ये किती दिवस काढणार? आधी सहा घरं आली, मग आणखी चार. ती माणसं पास्कलशी कामापुरती बोलत. जयराम मात्र आला नाही. तो आईला घेऊन विरारच्या पूर्वेला चंदनसारकडे गेला आणि वीटभट्टीवर लागला.

पास्कलने भरतीच्या वेळा सांगणं सोडलं. कुणी विचारलंच तर "पंचांगात बघा," म्हणायचा. पण त्याला एक नवी खोड लागली. वारा जरा वेडावाकडा झाला, आभाळाचा रंग बदलला, रेडिओवर काही सांगितलंय असं कळलं, की तो मिठागराकडे, खाडीकाठच्या कोळ्यांकडे, खाली राहणाऱ्या एकेका घराकडे जायचा आणि दारात उभं राहून म्हणायचा, "आजच्या दिवस वर या." दहातल्या नऊ वेळा काहीच व्हायचं नाही. एकदा तर एका घरी हळद होती. याच्या सांगण्यावरून त्यांनी भांडीकुंडी, पाहुणे, सगळं वर नेलं आणि संध्याकाळी चार शिंतोडे पडून ऊन आलं. नवऱ्या मुलाची आत्या त्याला म्हणाली, "बाबा, तुम्हाला वादळाचं वेड लागलंय. पोराच्या हळदीचं वाटोळं केलंत." पास्कल म्हणाला, "केलं खरं," आणि त्यांची पातेली खाली न्यायला हात लावू लागला. पोरंटोरं त्याच्या मागून वाऱ्याचा आवाज काढत जायची. ज्या हसण्याला घाबरून तो त्या संध्याकाळी खाली गेला नव्हता, ते आता त्याच्या रोजच्या वाट्याला आलं होतं.

सत्तावन्न सालात जयरामची आई वारल्याचं कळलं. पास्कल चालत चंदनसारला गेला. जाताना तीनदा परत फिरावंसं वाटलं. जयराम दारात बसला होता, केस पिकायला लागले होते. त्याने पास्कलला ओळखलं, उठला नाही, पण बाजूला सरकून जागा केली. आतून कुणीतरी पाणी आणलं.

पास्कलने पाणी पिऊन तांब्या खाली ठेवला.

"तुमी दारोदार फिरताव म्हनं," जयराम म्हणाला.

"हो."

"लोक हसतात म्हनं."

"हसतात."

जयराम जमिनीवर बोटाने रेघा ओढत राहिला. मग म्हणाला, "तवा आले असताव तर आमी बी हसलो असतो." थोडं थांबून तो पुढे म्हणाला, "पन उठलो असतो."

पास्कलने मान हलवली. माफ केलं असं जयराम म्हणाला नाही, परत येऊ नका असंही नाही. उन्हं कलली तेव्हा पास्कल उठला. जयराम अंगणाच्या कडेपर्यंत आला आणि विरारच्या रस्त्याला लागायची जवळची पायवाट त्याने हाताने दाखवली.

घरी पोचल्यावर कॅथरिनने विचारलं, "भेटला का?"

"भेटला," पास्कल म्हणाला, आणि जयराम जे बोलला ते त्याने तिला शब्द न शब्द सांगितलं. ती ऐकत राहिली. मग उठून तिने त्याचं ताट वाढलं.